काकूंचा कप वेगळा का?

मी बचत गटांची सहयोगिनी. आज हप्ता, व्याज, पासबुक यांतलं काही बोलणार नाही. आज एका कपाची गोष्ट सांगते.

आमच्या एका गटातल्या काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या पहिल्यांदाच बैठकीला आल्या. चहा आला. सगळ्यांना कपबशीत, काकूंना मात्र कागदी कपात. कुणी काही बोललं नाही. खोटं कशाला सांगू, मीही बोलले नाही. काकूंनी चहा घेतला, कप स्वतःच बाहेर नेऊन टाकला, आणि पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत.

मग चौकशी केली. एकीने मोबाईलवर पाहिलं होतं, स्तनाचा कॅन्सर व्हायरसमुळे होतो म्हणून. व्हायरस म्हटलं की आपल्याला कोरोना आठवतो. झालं, कप वेगळा! एका बाळंतिणीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, माझ्या आईला हा आजार होता. मी बाळाला अंगावर पाजू ना?"

मलाही नीट माहीत नव्हतं. मग वाचलं, डॉक्टर मॅडमना विचारलं. ते तुम्हाला सांगते.

व्हायरसची, म्हणजे विषाणूची गोष्ट उंदरांपासून सुरू झाली. उंदरांच्या काही जातींत बऱ्याच माद्यांना स्तनाचा कॅन्सर व्हायचा. अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने अशा माद्यांची पिल्लं जन्मताच दुसऱ्या, कमी कॅन्सर होणाऱ्या जातीच्या मादीजवळ प्यायला ठेवली. त्या पिल्लांत पुढे कॅन्सर बराच कमी झाला. हे १९३६ साली छापून आलं. उंदरिणीच्या दुधातून जाणारी ती वस्तू म्हणजे एक विषाणू, हे नंतर कळलं. आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीही मुंबईत उंदरांवर याच विषयाचा अभ्यास केला. शरीरातले हार्मोन आणि विषाणू यांचा कॅन्सरशी काय संबंध, हे त्या शोधत होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता माणसाचं काय? तसाच विषाणू बायकांच्या गाठींत आहे का, हे शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोधलं. काहींना खुणा सापडल्या, काहींना नाहीत. आणि खूण सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. जळलेल्या गंजीजवळ कुणी उभा दिसला, म्हणून त्यानेच काडी लावली असं म्हणता येत नाही. विषाणूमुळे बाईला स्तनाचा कॅन्सर होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. शोध चालू आहे.

पण एक गोष्ट पक्की. हा आजार एका बाईकडून दुसरीला लागत नाही. एका कपाने नाही, एका ताटाने नाही, शेजारी झोपल्याने नाही. त्या बाळंतिणीला मी सांगितलं, "बिनधास्त पाज. अंगावर पाजल्याने उलट आईचाच धोका थोडा कमी होतो." जिचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, तिने मात्र औषधांमुळे डॉक्टरांना विचारूनच पाजावं.

विषाणूमुळे होणारा एक कॅन्सर नक्की माहीत आहे, तो गर्भाशयाच्या तोंडाचा. तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. त्यावर मुलींसाठी लस आहे. पण तोही चहाच्या कपातून येत नाही.

हे सगळं कळल्यावर मी काकूंच्या घरी गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "गाठ मला आठ महिने आधीच लागली होती गं. दुखत नव्हती. आणि सांगितलं तर बायका लांब बसतील, म्हणून गप्प राहिले." मैत्रिणींनो, माझ्या पोटात कालवलं. ज्या भीतीने त्यांनी आठ महिने घालवले, ती आम्ही एका कागदी कपाने खरी करून दाखवली.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी केली. मशीन नाही, फक्त हाताने. आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांनी पाहिलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. वेळेवर दाखवण्याची किंमत एवढी आहे.

म्हणून स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळगा, बोंडी आत ओढली जाणं, बोंडीतून रक्त, यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी सांगू दे. तिशीनंतर आपल्या उपकेंद्रात ही तपासणी होते. आशाताईंना वार विचारा आणि चौघी-पाचजणी मिळून जा.

काकू आता परत बैठकीला येतात. चहा सगळ्यांना एकसारख्याच कपबशीत असतो. गेल्या महिन्यात दोघी जणी स्वतःहून त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, मलापण जरा दाखवायचं होतं. येता का सोबत?"

तुमच्या गटात कप कसे आहेत, तेवढं एकदा बघा.