पंचविसाव्या हिश्शाची मोटार



या व्याख्यानमालेत दासोपंतांवर, माणिकप्रभूंच्या पदांवर, सीमाभागातल्या मराठी शाळांवर बोलणारी माणसे येऊन गेली. त्यांच्यामागून प्लास्टिकच्या मोटारींवर बोलायला मला उभे केले आहे. मी बँकेतला माणूस. लिहिणे म्हणजे लेजर, एवढाच माझा साहित्याशी संबंध. पण मागच्या वर्षी चिटणीस घरी आले होते, त्यांनी माझे टेबल पाहिले आणि म्हणाले, "यावरच बोला." मी म्हणालो, "अहो, हे पोरखेळ आहेत." ते म्हणाले, "मग पोरखेळावर बोला." तेव्हा दोष असलाच तर अर्धा त्यांचा.

आधी हे काय असते ते सांगतो. पुठ्ठ्याच्या एका खोक्यात शंभरएक सुटे भाग येतात. प्लास्टिकच्या चौकटीला ते डहाळीला बोरे लागावीत तसे चिकटलेले असतात. इंजिन, रेडिएटर, सीट, बंपर, चाके, काचा, सगळे वेगवेगळे. ते चौकटीपासून कापायचे, कानशीने घासायचे, रंगवायचे आणि चिकटवून मोटार उभी करायची. याला किट म्हणतात. अमेरिकी मोटारींची किटे बहुतेक पंचविसाव्या हिश्शाची. १९५७ ची शेव्हरोले खऱ्या रस्त्यावर २०० इंच लांब होती, किटातली ८ इंच भरते. ओंजळीत मावत नाही आणि ताटात मावते, असे हे माप आहे.

याचा उगमही गमतीचा आहे. अमेरिकेत १९४८ साली एएमटी नावाची कंपनी निघाली. तिच्या नावातच ॲल्युमिनियम होते, कारण पहिल्या छोट्या गाड्या त्या धातूच्या होत्या. थोड्याच दिवसांत त्या प्लास्टिकवर आल्या. मोटार विकणारे व्यापारी नवी गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला, तिचे रंग समजावे म्हणून, आणि पोरांच्या हातात द्यायला ही छोटी गाडी ठेवत. म्हणजे मुळात ही जाहिरात. त्या आरंभीच्या प्लास्टिकचा एक दोष होता, वर्षे गेली की त्याला बाक यायचा. आज त्या काळच्या गाड्या पाहिल्या तर पुष्कळांची कंबर वाकलेली दिसते. पुढे, १९५८ पासून, त्याच साच्यांतून सुटे भाग काढून किटे विकायला लागले. एका खोक्यात तीन तऱ्हा: कारखान्यातून निघाली तशी गाडी, नटवलेली गाडी, नाहीतर शर्यतीची गाडी. रेव्हेल आणि मोनोग्राम या आणखी दोन कंपन्या. तिकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या पोरांचे हात यावर बसले.

आता आपल्याकडे या. अमेरिकी मोटार हा आपल्याला वाटतो तितका परका विषय नाही. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ सालीच गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. आणि आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. याच गृहस्थांनी १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन विमानांचा कारखाना काढला होता. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि डॉज-फार्गोचे ट्रकही. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी हुमनाबादच्या नाक्यावर फार्गो ट्रक पाहिले असतील. गुळाची पोती आणि त्यावर बसलेली माणसे, असे ते रूप माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे.

माझे मामा ड्रायव्हर होते. गुलबर्ग्याच्या एका वकीलसाहेबांकडे प्लिमथ होती, १९४१ ची, चार दारांची. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, तेव्हा हैदराबादेत पुष्कळ बड्या लोकांच्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातली ही एक, असे मामा सांगत. पगार सुरुवातीला हाली रुपयांत होता. मामा ती गाडी १९६१ पर्यंत चालवत होते. पुढे ते ट्रकवर गेले. ट्रकच्या इंजिनाला ते "प्लिमथचा थोरला भाऊ" म्हणायचे आणि नाक्यावरचा कुठलाही मिस्त्री ते खोलू शकतो, अशी त्यांची खात्री होती.

किटाचा नाद मला पस्तिशीत लागला. बँकेतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ अमेरिकेत होता, त्याने मुलासाठी एक खोके आणले. मुलाने दोन दिवसांत कंटाळून टाकले आणि ते माझ्याकडे आले. पहिली गाडी मी वाया घालवली, तेही सांगतो. बाजारातल्या एका दुकानातून मोटारीच्या रंगाचा थिनर आणला. खऱ्या मोटारीला चालतो तर खोट्या मोटारीला का चालू नये, असा माझा विचार. पत्र्याला चालणारा तो थिनर प्लास्टिक खातो. दहा मिनिटांत बॉनेटला देवीचे व्रण आले. तेव्हापासून आधी प्रायमरचे पातळ हात द्यायचे, ते वाळू द्यायचे, मग रंग, हे शिकलो. त्याच्याही आधी सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकटपणा त्यांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. किटासोबतच्या कागदावर हे छापलेले होते. तो कागद मी वाचला नव्हता.

रंगाचे बोलायचे तर आमच्या गुलबर्ग्याची हवा या कामाची वैरीण. एप्रिल-मेमध्ये फवाऱ्यातून निघालेला रंग गाडीवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. पावसाळ्यात उलटे. ओलसर हवेत काही रंगांवर पांढरी धूसर साय येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी दहाच्या आत, एवढाच आमचा हंगाम. आमच्या घरी हरभऱ्याच्या पेरणीबरोबर माझा रंग सुरू होतो, असे सौभाग्यवती पाहुण्यांना सांगते.

एक गोष्ट आमच्या बीदरला धरून सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांना चकचकीत क्रोमच्या पट्ट्या फार. त्या रंगाने साधत नाहीत, फार पातळ धातूचा कागद चिकटवून कडेने कापावा लागतो. तसा कागद तिकडे तयार मिळतो, मला सुरुवातीला मिळेना. मी मिठाईवरचा वर्ख लावून पाहिला. तो इतका नाजूक की श्वासाने उडाला, आणि उरला तो बोटाने काळा पडला. मग एकदा बीदरला चौबाऱ्याजवळ एका बिदरी कारागिराच्या दुकानात तासभर बसून राहिलो. ओतीव धातू, त्यात जस्त फार आणि तांबे थोडे. त्यावर छिन्नीने रेघ कोरायची, त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, घासून सपाट करायची आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर लावून धातू काळा करायचा. चांदी तेवढी पांढरी राहते. त्यांनी तार आधी चिकटवून मागून कापलेली नव्हती. आधी घर केले, मग तार बसवली. मी घरी येऊन गाडीच्या कडेची पट्टी आधी सुईने कोरून घेतली, तिच्या दोन्ही कडांना खाच केली, आणि मग कागद दाबला. तेव्हापासून माझी क्रोमची पट्टी सरळ येते. त्या कारागिराला मी हे दाखवायला गेलो. त्यांनी गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "वजन का नाही हिला?"

वजन असलेल्या गाड्या वेगळ्या. त्या ओतीव धातूच्या, आणि तो धातूही मुख्यतः जस्तच असतो, थोडे ॲल्युमिनियम घातलेला. त्यात शिशाचा अंश राहिला तर काही वर्षांनी ती गाडी आतून फुगते, भेगाळते आणि हातात चुरा होते. त्यावर इलाज नाही. असो, तो आजचा विषय नाही.

मामा ऐंशीच्या पुढे गेले तेव्हा एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन बसले. समोर एक शेव्हरोले होती. ती नीट न्याहाळून म्हणाले, "आरं, हे चाक त्या अंगाला कशाला बसिवलंस?" मी सांगितले की अमेरिकेत डावीकडेच असते. "मग आमची प्लिमथ उजवीकडं कशी व्हती?" आपल्यासाठी मुद्दाम तशी केलेली असते, म्हटले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमची कर की एक."

इथे माझी अडचण सुरू झाली. १९४१ च्या प्लिमथचे किट मिळते, एएमटीचेच. पण ते दोन दारांच्या गाडीचे. किटे काढणाऱ्यांचे गिऱ्हाईक म्हणजे तिकडची तरुण पोरे, त्यांना दोन दारांच्या, उघड्या टपाच्या, पळणाऱ्या गाड्या हव्यात. बाप ज्या गाडीतून सगळ्या घराला देवाला न्यायचा त्या चार दारांच्या गाडीचे किट फार क्वचित निघाले. मामांची गाडी बाजाराच्या दृष्टीने किट काढण्याजोगी नव्हतीच. मला याचा राग आला, आणि तो अजून आहे.

तर मी पुढचे तोंड ठेवले आणि काचेमागचे सगळे कापून टाकले. प्लास्टिकच्या पत्र्याचे नवे टप, नवी मागची दारे केली. लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. मोटारीला लांबी भरणारे डेंटर काय भोगतात ते तेव्हा कळले. स्टेअरिंग उजवीकडे न्यायला डॅशबोर्डाचे तीन तुकडे करून अदलाबदल केली. खाली पायाची पेडलेही हलवली, ती कुणाला दिसत नाहीत तरी. मामांना दिसली असती.

मग रंग. मामा म्हणाले, हिरवी. कसली हिरवी? "पोपटी न्हवं. मेंदी बी न्हवं. कारल्याच्या पाठीवानी." मी बाटलीतून बाटलीत थेंब टाकून सात नमुने केले, आइस्क्रीमच्या काड्यांवर लावून वाळवले. त्यांनी सहा परत दिले. सातव्याला "जवळ आलास" म्हणाले. कंपन्या रंगाला आकडे देतात, आणि आमच्या घरातले रंग लुगड्यांवरून ओळखले जातात. तेव्हा मी नमुने आईपुढे ठेवले. आई मामांची धाकटी बहीण. १९५२ साली ती सासरी निघाली, तेव्हा वकीलसाहेबांनी ही गाडी दिली होती आणि मामांनीच तिला गुलबर्ग्याहून आळंदला आणले होते. ती एकदाच त्या गाडीत बसली. तिने काड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. "हिरवी कुठली? निळी होती गाडी. चिंतामणी रंगाची. माझ्या अंगावर तसलंच लुगडं होतं, म्हणून तर वहिनी हसली."

मामा संतापले. "नऊ वरसं फडकं मारलंय मी तिला." आई म्हणाली, "मी रडत बसले होते रे, खाली मान घालून. दाराकडंच बघत होते सगळा रस्ता." दोघे त्या विषयावर दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. एक फोटो होता, तो काळा-पांढरा. त्यात गाडी करडी दिसते.

मामा २०१४ मध्ये गेले. त्यांनी गाडी पाहिली ती प्रायमरमध्ये, राखाडी रंगाची. मागची दारे पाहून त्यांनी मान डोलावली, स्टेअरिंगवर नख टेकवले आणि "रंगाची घाई करू नगंस" म्हणाले. मी तीन हिवाळे गाडी तशीच ठेवली.

पुढे केव्हातरी मला त्यांनीच सांगितलेली एक हकीकत आठवली. अक्कलकोटच्या अलीकडे त्यांची गाडी एका बैलगाडीच्या जुवाला घासली होती, आणि डावे मडगार्ड व दोन्ही दारे ठोकून घ्यायला ती दोन महिने सोलापूरला होती. साल त्यांना आठवत नव्हते, पण माझ्या आईचे लग्न झाले होते हे पक्के, कारण दवाखान्यातल्या मामांना भेटायला माझे वडील गेले होते. एवढा पत्रा ठोकल्यावर कोणता गॅरेजवाला एकच बाजू रंगवील? सगळी गाडी रंगवतात. ज्याला जो रंग मिळेल तो. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. वकीलसाहेबांच्या घरातले आता कोणी गुलबर्ग्यात राहत नाही.

त्या डिसेंबरात मी गाडीला आधी निळा रंग दिला. आईच्या पेटीतले लुगडे शेजारी ठेवून मिसळला, ते अजून आहे, काठाकडे विरले आहे. तो पंधरा दिवस वाळू दिला. त्यावर सातव्या काडीचा हिरवा, दोन पातळ हात. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला, मुठीच्या आसपास, जिथे नऊ वर्षे एका माणसाचा हात लागला असेल तिथे, निळा दिसेपर्यंत घासले. फार घासले तर खालचा राखाडी निघतो, म्हणून दर दोन फेऱ्यांनी पुसून पाहत होतो. संध्याकाळपर्यंत एवढे एकच काम झाले.

आईला दाखवली. तिने चष्मा लावला, गाडी उजेडात धरली, मागच्या दारावरून बोट फिरवले. मग पुढच्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, "दादानं एवढी घासली होती?"

गाडी या टेबलावर ठेवली आहे. चहाच्या वेळी जरूर पाहा, पण टपाला धरून उचलू नका. ते टप माझ्या हातचे आहे, एएमटीचे नाही.