ओढ्यांतला धोंडा आणि त्याचे रहिवासी

कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पांच नद्या महाबळेश्वरीं उगम पावतात, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. तेथें वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, हेंही भूगोलाच्या पुस्तकांत असतें. परंतु त्या पावसानें भरणाऱ्या ओढ्यांत राहतें कोण, हा प्रश्न परीक्षेंत क्वचितच येतो. मासे व खेकडे एवढेंच उत्तर चटकन् सुचेल. वास्तविक अशा ओढ्याच्या तळाशीं मोठी वस्ती असते ती कीटकांच्या अळ्यांची. दिवाळीनंतर पाणी निवळलें म्हणजे घोटाभर प्रवाहांतील एखादा धोंडा हलक्या हातानें उचलावा आणि त्याची खालची बाजू पाहावी.

चपट्या अंगाच्या, पोटाच्या दोन्ही कडांस पिसांसारखे कल्ले असलेल्या मेफ्लायच्या अळ्या तेथें लगबगीनें आडोसा शोधतांना दिसतील. शेजारीं वाळूचे कण रेशमी धाग्यानें सांधून केलेलें इवलेंसें नळकांडें असेल. तें कॅडिस माशीच्या अळीचें घर होय. तिच्या कांहीं जाती असें फिरतें घर न बांधतां प्रवाहाकडे तोंड करून जाळें विणतात आणि वाहून येणारें अन्न त्यांत अडकण्याची वाट पाहतात. कोळ्यांनीं खाडींत लावलेल्या डोल जाळ्याचीच ही लहान आवृत्ति! चतुर आणि टाचणी सोडल्यास यांतील बहुतेकांना घरोघर रुळलेलें मराठी नांव नाहीं. धोंड्याखालीं राहणाऱ्याचें बारसें करणार कोण?

कोणीं कोठें राहावें, हें प्रथम प्रवाहाचा वेग ठरवितो. ऐन धारेंतील खडकावर टिकण्यास नुसतें चपटें अंग पुरत नाहीं. काळ्या माशीची अळी खडकावर रेशमाची गादी घालते आणि शेपटाकडील आंकड्यांनीं तिला धरून राहते. ब्लेफॅरिसेरा कुळांतील अळीच्या पोटाखालीं तर एका ओळींत सहा चूषक असतात. डोंगरी प्रवाहांतील प्राण्यांच्या अशा साधनांवर सुंदरलाल होरा यांनीं १९३० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. याच कुळांतील एका प्रजातीस त्यांच्या नांवावरून ‘होराइया’ असें नांव मिळालें आहे.

वेगाखालोखाल महत्त्व प्राणवायूचें. समुद्रसपाटीवर १० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. शिवाय पाणी तापलें कीं अळीच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. उत्पन्न घटावें आणि त्याच महिन्यांत खर्च वाढावा, अशी ही अवस्था. म्हणून कांठच्या जांभळाची सावली ही ओढ्याला केवळ शोभा नव्हे. तें झाड तोडलें म्हणजे ऊन थेट पाण्यावर येतें, शेवाळ माजतें, तें खरवडून खाणाऱ्यांचें फावतें, आणि गळणाऱ्या पाचोळ्यावर जगणारे उपाशी राहतात. थंड देशांच्या मानानें उष्ण कटिबंधांतील अनेक ओढ्यांत पाचोळा कुरतडणारे कीटक मुळांतच थोडे. तें काम बरेच ठिकाणीं खेकडे व झिंगे करतात.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत सारा संसारच उधळतो. धोंडे गडगडतात, अळ्या वाहून जातात. कांहीं मात्र तळच्या गोट्यांमधील फटींत खोल शिरून बचावतात. वरच्या अंगाकडून वाहत येणाऱ्या कांहीं तेथें आसरा घेतात, आणि हवेंत उडणाऱ्या माद्या पुन्हां अंडीं घालतात. उष्ण प्रदेशांत पुष्कळ जातींच्या वर्षांत अनेक पिढ्या होत असल्यानें ही मोडलेली वस्ती लवकर उभी राहते. उन्हाळ्यांत धार तुटून डबकीं उरलीं कीं वाहत्या पाण्याचीं कुळें हटतात व चतुरांच्या अळ्या, पाणकिडे यांचें राज्य येतें.

पुराला पुरून उरणारी ही वस्ती मातीपुढें मात्र हरते. रस्त्यासाठीं डोंगर कापला किंवा उतार उघडा पडला, तर बारीक गाळ खालीं येऊन गोट्यांमधील फटी बुजवितो. फट हेंच घर, हाच पुरांतील आसरा, आणि ताजें पाणी आंत येण्याची वाटही हीच. हिवाळ्यांत वरचें पाणी आरशासारखें दिसतें. तें बाटलींत भरून तपासलें तर त्या घटकेपुरती त्याची साक्ष मिळते. उलट अळी तेथें कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिने राहिलेली असते. भारतांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेंही पाण्याची प्रत ठरविण्यास अशा तळच्या प्राण्यांचीं कुळें मोजण्याची पद्धति घालून दिली आहे.

गांवाच्या वरच्या अंगाचा एक धोंडा आणि सांडपाणी मिळाल्यानंतर पुलाखालचा दुसरा, असे दोन उलटून पाहावे. पहिल्यावर कल्ले हलविणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या असतील. दुसऱ्यावर गाळांत वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या सांपडतील. त्यांच्या अंगांत रक्तांतल्यासारखें हिमोग्लोबिन असतें, म्हणून त्या अपुऱ्या प्राणवायूंतही तग धरतात. पाहून झाल्यावर धोंडा होता तसाच पालथा ठेवावा. उन्हांत सुकूं लागल्यास वरची वस्ती फार वेळ जगत नाहीं.