पाणवठ्याचा हक्क आणि विहिरीची राखण



आज मी आपणापुढे धाराशिवच्या जुन्या सार्वजनिक विहिरींविषयी बोलणार आहे. नळ आल्यावर विहिरीचे प्रयोजन काय, असे पुष्कळांना वाटत असेल. परंतु पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला केवळ तहानेचा कधीच नव्हता. तो माणुसकीचा होता.

इतिहास आठवा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलाने बोले ह्यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी व तलाव ह्यांचा स्पष्ट उल्लेख झाला. ह्यावरून एकच बोध घ्यावयाचा: कागदावरचा हक्क जो राखतो, त्याचाच तो राहतो.

आज कोणी आपणांस विहिरीवर अडवले, तर कायदा आपल्या बाजूस उभा आहे. परंतु जी विहीर आटली किंवा कचऱ्याने बुजली, तिच्यावरील हक्क घेऊन काय करावयाचे?

आपल्या जिल्ह्याची भूमी काळ्या कातळाची. ह्या कातळात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. तो साठा मुळातच थोडा. शेजारी खोल विंधन विहिरी झाल्या की त्याच भेगांतले पाणी त्या ओढून घेतात आणि उथळ जुनी विहीर आधी कोरडी पडते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आणखी खोल जातो; गरिबाची वस्ती टँकरची वाट पाहते. शेजारच्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो काय?

म्हणून विहिरीचा हिशेब आपणच ठेवावा. कठड्यावर एक कायमची खूण करावी. दर महिन्याच्या एक तारखेस, पहाटे उपसा सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेली दोरी सोडून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि वहीत लिहावे. पावसाळ्याअखेरचा आकडा आणि मे महिन्याचा आकडा शेजारी ठेवावा. सारखाच पाऊस होऊनही पावसाळ्याअखेरचे पाणी वर्षागणिक खोल जात असेल, तर मुरते त्याहून उपसा अधिक होत आहे असे समजावे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण त्या निवडीत आपल्या वस्तीची विहीर असेलच असे नाही.

कठडा ढासळला, सांडपाणी आत झिरपू लागले, जाळी तुटली, गाळ साचला, तर नगरपालिकेस लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जासोबत वहीतील आकडे जोडावेत. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. तारखेसह लिहिलेला आकडा सहजासहजी टाळता येत नाही.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो. बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी होतो. तपासणी आणि सुरक्षेची साधने ह्यांवाचून आत कोणीही उतरू नये. गाळ काढण्यास आपल्याच वस्तीतील तरुणाला हाक मारली जाते, ती का? ह्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली. तिला बाबासाहेब आले होते. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. वतनाची सवय मात्र अजून गेलेली नाही. विहिरीची स्वच्छता हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, कोणा एका जातीचा वारसा नव्हे.

वस्तीतील शिकत्या मुलामुलींच्या हाती ही वही द्या, आणि दर पौर्णिमेस विहारात तिचे वाचन करा. आपल्या वाडवडिलांना ज्या पाण्याला हात लावण्याची बंदी होती, त्याच पाण्याचा हिशेब त्यांची नातवंडे ठेवीत आहेत, हे दृश्य आपल्या डोळ्यांनी पाहा.

जय भीम!