दाखल्यावाचून घरी बसलेली मुलं

आपले वाडवडील धुळे-जळगावकडून लूमवर कामाला आले, लिंबायतमध्ये स्थिरावले. आज आपल्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत नवं कुटुंब येतं आणि पोरगं घरीच राहतं. का? तर गावाकडचा शाळेचा दाखला आलेला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो : ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. वर्गही वयाप्रमाणे मिळतो. महापालिकेच्या शाळा मराठीतून आहेत, हिंदी-ओडियातूनही आहेत. मी सरकारी नोकर. टेबलासमोर उभ्या माणसाचा घसा कसा कोरडा पडतो, रोज पाहतो. वर्गणी आपण त्या खोलीतूनही घेतलीच. विसर्जन झालं की एक सकाळ त्या बापासोबत शाळेत जा.