सभासदत्व : सक्तीचे की खुषीचे?

(न्यासाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलो. मी पेशाने मास्तर. वर्गातली मुले कंटाळली तरी उठून जाऊ शकत नाहीत. आपण जाऊ शकता. बसणे सक्तीचे असणे आणि खुषीने बसणे यांत केवढा फरक आहे, हाच आज माझा विषय आहे.

आधी स्वतःची चूक सांगतो. नोकरीची पहिली नऊ वर्षे मी शिक्षक संघटनेचा सभासद नव्हतो. वर्गणी जड होती असे नाही. उगाच कटकटीत कशाला पडा, एवढाच विचार. पुढे वेतनाचा फरक थकला. सहकाऱ्यांनी अर्ज केले, उन्हात धरणे धरले, एक दिवसाचा पगार कापून घेतला. शेवटी फरक मिळाला तो सर्वांना, मलाही. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला एवढेच विचारले, "सर, तुमचेही जमा झाले ना?" मी मान डोलावली, पण रात्री झोप लागेना.

दुसऱ्यांच्या खटपटीचे फळ जो घेतो, त्याच्यावर वर्गणीची सक्ती करावी काय? की बाहेर राहण्याचे स्वातंत्र्य त्याला असावे? माझ्या मनातला हा प्रश्न पुष्कळ देशांच्या कायद्यांनाही पडलेला आहे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे १९३५ च्या वॅगनर कायद्याने कामगारांना संघटित होऊन मालकाशी करार करण्याचा हक्क दिला. बहुसंख्यांनी निवडलेली संघटना सर्वांच्या वतीने करार करू लागली. सभासद नसलेल्यालाही तो लागू. काही ठिकाणी तर सभासद असेल त्यालाच कामावर घ्यायचे असा करार होई. याला 'क्लोज्ड शॉप' म्हणत. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने ही पद्धत बंद केली. अध्यक्ष ट्रूमन यांनी तो कायदा नाकारला होता, पण त्यांचा नकार डावलून काँग्रेसने तो संमत केला. कामावर लागल्यानंतर सभासद व्हावे किंवा वर्गणी द्यावी, असा करार करण्याची मुभा मात्र उरली. आणि तोही मना करण्याची मोकळीक राज्यांना मिळाली.

अशा मनाईच्या कायद्यांना तेथे 'राइट टु वर्क', म्हणजे कामाचा हक्क, असे म्हणतात. नावावर जाऊ नये. आपल्याला या शब्दांनी रोजगार हमी आठवेल. पण त्या कायद्यात कोणालाही काम मिळण्याची हमी नाही. वर्गणी न देता नोकरीवर राहता यावे, एवढाच त्याचा अर्थ. आज २६ राज्यांत असा कायदा आहे. मिशिगन राज्याने तो २०१२ साली केला आणि २०२३ साली रद्द ठरवला. यावरून वाद किती जिता आहे ते दिसते. तेथे करार नसेल तर बहुतेक ठिकाणी मालक कारण न सांगताही माणसाला कामावरून काढू शकतो. योग्य कारणावाचून काढू नये, हे संरक्षण पुष्कळांना संघटनेच्या करारानेच मिळते. मग त्याचा खर्च कोणी सोसायचा?

आम्हा शिक्षकांचाही यात संबंध आला. डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या खटल्यात १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणाले, करार करण्याचा खर्च सभासद नसलेल्याकडूनही घेता येईल. राजकारणासाठी मात्र त्याच्याकडून पैसे घेता येणार नाहीत. पुढे २०१८ साली, जेनस यांच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने हा निर्णय फिरवला. सरकारी नोकराकडून संमतीवाचून काहीही घेता येणार नाही, असे ठरले.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९४४ साली त्याच न्यायालयापुढे स्टील नावाच्या कृष्णवर्णीय आगवाल्याचा खटला आला. रेल्वेवरील त्याच्या संघटनेत काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. आणि तीच संघटना त्याच्या वतीने करार करून त्याच्या जातभाईंना कामावरून हटवू पाहत होती. न्यायालयाने बजावले की सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेता, तर सर्वांशी न्यायाने वागण्याचे कर्तव्यही घ्या. संघटना म्हटली की ती चांगलीच असते असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

इंग्लंडमध्येही तेच. १९७५ सालच्या क्लोज्ड शॉप करारामुळे रेल्वेच्या तिघा नोकरांना, केवळ सभासद होण्यास नकार दिला म्हणून, काम गमवावे लागले. १९८१ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो अन्याय ठरवला. सभासद नाही म्हणून किंवा आहे म्हणून कामावर घेण्यास नकार देणे १९९० च्या कायद्याने तेथे बेकायदा झाले.

आपल्याकडे संघटना स्थापण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमात आहे, आणि सभासद होण्यासाठी धाकदपटशा करणे कायद्याला मान्य नाही. तरीही एक निराळी सक्ती आपण पाहिली. १९८२ साली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. माणसे एकीकडे, मान्यता दुसरीकडे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, अनेक संघटना असतील तेथे, हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस वाटाघाटीचा एकटीचा अधिकार आहे. म्हणजे बाहेर राहणाऱ्याच्या गैरहजेरीलाही आता वजन आले. आणि आम्ही शिक्षक? गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिक्षक हा 'कामगार' नव्हे. त्या कायद्याचे छत्र आम्हाला मिळाले नाही. आपली एकजूट हाच आधार.

माझे मत विचाराल तर सक्ती नको. भाकरीची भीती घालून आणलेला सभासद सभेला येतो, पण चिटणीसाला हिशेब विचारत नाही. आणि हिशेब विचारणारे नसले की संघटना चार जणांची होते. परंतु कायद्याने दिलेली सूट म्हणजे ऋणातून सुटका नव्हे. न देण्याचा हक्क मला आहे. फळ खाऊन हात झटकणे शोभते का, हे मात्र न्यायालय सांगणार नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवायचे.

त्या रात्रीनंतरच्या महिन्यात मी सभासद झालो. कोणी बोलावले नव्हते.

आपल्या न्यासाकडे पाहा. वह्या वाटताना बापाने वर्गणी भरली का, हे आपण मुलाला कधी विचारले नाही, आणि विचारूही नये. पण ज्यांच्या घरी त्या वह्या गेल्या त्यांनी तो प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. वर्गणीचे पुस्तक दाराशी ठेवले आहे. ते उघडण्याची सक्ती नाही.