कंपनीची मदत, गावाची शाळा



आज आपल्या शाळेविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपली शाळा जिल्हा परिषदेची. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा झाल्या. तेव्हापासून खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. मास्तरांचा पगार सरकार देते. पुस्तके देते. दुपारचे जेवणही देते. मग अडते कुठे? छप्पर गळते. संडास आहे, पण पाणी नाही. अर्ज करावा, तर पैसे येईपर्यंत दोन पावसाळे जातात.

अशा वेळी कुणी तरी म्हणतो, "एखाद्या कंपनीला विचारा की!" विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कंपनी मदत का करते? 2013 साली कंपन्यांचा नवा कायदा झाला. मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या शंभर रुपयांतले दोन रुपये लोकांच्या कामावर खर्च करावेत, असे त्यात ठरले. शिक्षण हे त्यातले एक काम. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाचा विचार आधी करावा, असेही कायदा सांगतो. याला सीएसआर म्हणतात. पुढे 2023 साली महाराष्ट्र सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. तिच्यात रोख पैसे घ्यायचे नाहीत. वस्तू घ्यायच्या, किंवा काम करून घ्यायचे.

म्हणजे मदत आहे. पण ती घ्यावी कशी? मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

एका गावच्या शाळेला एका कंपनीने दहा संगणक दिले. फीत कापली, फोटो काढले, पाहुणे गेले. पुढे विजेचे बिल थकले. वीज तुटली. खोलीला कुलूप लागले. मी गेलो, तेव्हा संगणकांवर बोटभर धूळ होती. शेजारच्या खोलीत चार इयत्तांची मुले एकाच मास्तरांपुढे बसली होती. बाहेर एक आई भेटली. मी म्हटले, "बाई, एवढे संगणक आले. तुम्हाला काय हवं होतं?"

ती म्हणाली, "आमाला कुनी इचारलंच न्हाई, दादा. पोरींच्या संडासाला आतून कडी न्हाई. तेवढी बसवली असती तरी लई झालं असतं."

मंडळी, चूक कुणाची? कंपनीने विचारले नाही, ही तिची चूक. पण गावाने सांगितले नाही, ही गावाची चूक. शाळेच्या समितीच्या कागदावर सह्या होत्या. आंगठेही होते. कागद मात्र कुणी वाचला नव्हता.

ही समिती साधी नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ती दिली आहे. तिच्यात चार सभासदांमागे तीन पालक हवेत. निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेला काय हवे याचा आराखडा करणे आणि आलेल्या पैशांवर नजर ठेवणे, हे तिचे काम. म्हणजेच तुमचे काम.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. आपली यादी आपण करा. बायांना विचारा, मुलांना विचारा. कडी लहान असेल, पण ती यादीत हवी.

दुसरी. वस्तू येण्याआधी विचारा: बिघडली तर दुरुस्त कोण करणार? विजेचे बिल कोण भरणार? विहीर खणली, पण दोर नाही, तर पाणी कसे निघेल?

तिसरी. कंपनी काय देणार, किती वर्षे देणार, आणि पुढे कोण सांभाळणार, हे कागदावर लिहून घ्या. आलेल्या वस्तूंची यादी शाळेच्या भिंतीवर लावा.

चौथी गोष्ट मोठी आहे. कंपनी आली म्हणून सरकारला सुट्टी नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट साठपर्यंत असला, तरी दोन शिक्षक हवेत, असे कायदा सांगतो. कमी असतील तर शिक्षक सरकारकडेच मागा. पाहुण्याने भिंत रंगवून दिली, तर आभार माना. पण घर आपलेच राहिले पाहिजे. मुलांकडून फी नको. वर्गात मालाची जाहिरात नको.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत. कंपनी आज आहे, उद्या दुसरीकडे जाईल. गाव इथेच राहील, आणि मुलेही आपलीच.

काल तुम्ही आंगठा उठवत होता. आज तुम्ही हे पान वाचता आहात. तर आता समितीच्या पुढच्या सभेला जा. कागद हातात घ्या. आधी वाचा. पटले तर सही करा. पटले नाही तर विचारा.

शाळेला तुमची ही पहिली मदत होईल. तिला कुठल्याही कंपनीचा पैसा लागत नाही.