अंदाज मंगळवारचा, कुरडई शनिवारची

(फाल्गुन महिन्यात रेडिओवर झालेलं भाषण)

 

फाल्गुन लागला. ज्वारी काढणीला आली, हरभरा वाळला, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडल्या. उन्हाळी कांदा महिन्या-दीड महिन्यात निघेल. घरात आता कुरडया, पापड, शेवया, सांडगे यांची घाई सुरू होईल. वर्षभराची मिरची वाळवायची, हळद वाळवायची. म्हणजे शेतातलं पीक आणि घरातलं वाळवण, दोन्ही एकाच वेळी उघड्या आभाळाखाली. आणि नेमकं याच दिवसांत आभाळ येतं.

२०१४ साल आठवतंय का? फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, सोलापूरकडचा भाग, सगळीकडे उभी पिकं आडवी झाली. तेव्हापासून आपल्याकडे फाल्गुन-चैत्राची धास्तीच बसली आहे. पण नुसती धास्ती घेऊन काय होणार? म्हणून आज आम्ही हवामानाच्या अंदाजाबद्दल बोलणार आहोत. तो कुठे मिळतो, कसा वाचायचा, आणि तो आपल्यापर्यंत वेळेवर कसा पोचवायचा.

आधी थोडं कारण समजून घेऊ. या दिवसांत जमीन तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून ओलावा आला आणि वर उंचावर थंड हवा असली, की ढग वरच्या वर चढत जातो. त्यात पाण्याचे थेंब गोठतात, वारा त्यांना खालून वर ढकलत राहतो, बर्फाचे थर चढतात आणि गार तयार होते. वाऱ्याला तिचा भार पेलेना झाला की ती खाली येते. जमीन दुपारी सगळ्यात जास्त तापलेली असते, म्हणून वळीव बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो. आपल्या आज्या म्हणायच्या, वारा पडला, उकाडा वाढला, अंगाला घाम चिकटला, की आज आभाळ येणार. त्यात तथ्य आहे. पण ती खूण आपल्याला दोन-तीन तास आधी कळते. गुढीपाडव्याला पंचांगातलं वर्षफल ऐकतो, ते सबंध वर्षाचं. आपल्याला हवं असतं ते मधलं. येत्या शनिवारी ऊन आहे का?

ते मधलं सांगायला अंदाज आहे. भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठं मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला देतात. आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. सल्ला मराठीत असतो. त्यात पुढच्या ५ दिवसांचा पाऊस, जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान, ढग, हवेतला ओलावा, वाऱ्याचा वेग आणि दिशा दिलेली असते. खाली कोणत्या पिकाला काय करावं हेही लिहिलेलं असतं. मोबाइलवर ‘मेघदूत’ नावाचं ॲप आहे, त्यात जिल्हा निवडला की हा सल्ला दिसतो. ॲप फुकट आहे. मोबाइल साधा असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरवर फोन लावून विचारता येतं. त्यालाही पैसे पडत नाहीत.

आता आम्ही हा अंदाज गटात कसा वापरतो ते सांगतो. कुरडईचंच घ्या. गहू ३ दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत साच्यातून पाडायचा. त्यानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन हवं. म्हणजे आज गहू भिजवणारी बाई खरं तर चार दिवसांनंतरच्या उन्हावर पैसे लावत असते! म्हणून आम्ही कुरडईला वार लावून घेतला. मंगळवारचा सल्ला वाचायचा. शनिवार-रविवार कोरडा दिसला तर मंगळवारी रात्री गहू भिजवायचे. शुक्रवारी नवा सल्ला येतो, तो पुन्हा वाचायचा. कारण पहिल्या दोन दिवसांचा अंदाज जास्त भरवशाचा असतो, चौथ्या-पाचव्या दिवसाचा कमी. शुक्रवारीही कोरडं दिसलं तर संध्याकाळी वाटायचं आणि शनिवारी पहाटे चूल पेटवायची. शुक्रवारी आभाळ दिसलं तर पाणी बदलून गहू फार तर एक दिवस थांबतात. तेवढ्यानं भागणार नसेल तर चीक थोडाच करायचा, आणि कुरडया पत्र्यावर किंवा अंगणात न टाकता पडवीत, पंख्याखाली, घरात मावतील तेवढ्याच पाडायच्या.

कांद्याचंही तसंच. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवावा लागतो, तरच तो चाळीत टिकतो. म्हणून काढणीच्या मजूर बायका सांगण्याआधी ५ दिवसांचा अंदाज पाहायचा. हरभरा उपटून ढीग घातला असेल तर ताडपत्री आधीच शेतात नेऊन ठेवायची. आभाळ आल्यावर घरी आणायला पळायचं नाही. ज्वारी भिजली तर दाणा काळा पडतो आणि कडबाही काळवंडतो, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं दोघांचंही खाणं जातं. फवारणी करायची असेल तर वारा आणि पाऊस दोन्ही बघायचे, नाहीतर औषध वाऱ्यावर आणि पैसे पाण्यात.

परसबागेला पावसाइतकंच ऊन महत्त्वाचं. सल्ल्यात कमाल तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. तेव्हा पाणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर द्यायचं आणि बुडाशी उसाचं पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा पसरायचा. नवी रोपं कडक उन्हाच्या दिवसात लावायची नाहीत. दोन दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

आता अंदाजातले शब्द. पुष्कळ बायका म्हणतात, “अंदाज खोटा निघतो. पाऊस सांगितला आणि आमच्याकडे थेंबही नाही.” अंदाजात कोणता शब्द होता ते आधी पाहा. ‘तुरळक ठिकाणी’ असं म्हटलं असेल, तर त्याचा अर्थ १०० ठिकाणी पाऊस मोजला तर २५ किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० पर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५० च्या वर, ७५ पर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही जास्त. फाल्गुन-चैत्रात आपल्याला बहुतेक वेळा ‘तुरळक’ हाच शब्द ऐकू येतो. शेजारच्या गावात गारा पडतात आणि आपल्याकडे धूळ उडते, तेव्हा अंदाज खोटा नसतो, आपण त्या उरलेल्या गावांत असतो. पुढच्या वेळी ते उरलेले असतील.

मग ‘तुरळक’ म्हटल्यावर झाकायचं की नाही? आम्ही साधा हिशोब करतो. वाळवण गोळा करायला दोन बायकांचा अर्धा तास जातो. पाऊस आला नाही तर तेवढा अर्धा तास वाया. पाऊस आला तर चार दिवसांची मेहनत, गहू, सरपण आणि ज्यांनी ऑर्डर घेतली आहे त्यांचा व्यवहार, सगळं वाचतं. अर्धा तास दहा वेळा वाया गेला तरी परवडतो. आणि एक लक्षात ठेवा, पिकाचं नुकसान झालं तर तलाठी येतात, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो. वाळवणाचा पंचनामा होत नाही. ते आपलं आपणच राखायचं.

पावसाचे आकडेही कळायला हवेत. दिवसभरात १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम, आणि त्याच्या वर जोरदार. वाळवणाला हलकाही पुरतो! १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी. मोजायला सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजा, हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. १० मिलिमीटर भरलं तर परसबागेच्या गुंठ्याला १००० लिटर पाणी मिळालं, म्हणजे त्या दिवशी हंडे वाहायला नकोत. मोजणं हे पुरुषांचं काम असं कुणी म्हणालं तर त्यांना अॅना मणी यांचं नाव सांगा. केरळात १९१८ साली जन्मलेली ही बाई १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाली आणि पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणं आपल्या देशातच तयार व्हावीत म्हणून तिनं आयुष्य घातलं.

रंगांचंही सांगतो. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हातातलं काम टाकून आधी बचाव करा. पिवळा असला की आम्ही वाळवण सकाळी घालतो आणि दुपारी १ च्या आत उचलतो. नारंगी असला की घालतच नाही. मोबाइलवर फिरत आलेल्या संदेशावर तारीख नसेल, कुणी दिला ते नसेल, तर तो पुढे पाठवायचा नाही. मागच्या वर्षीच्या गारा या वर्षी फिरत असतात.

आता विजेचं, आणि हे मनावर घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आपल्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते सांगतं. ॲप नसेल तर वीज चमकल्यावर आकडे मोजा. ३ आकड्यांना १ किलोमीटर. ३० व्हायच्या आत आवाज आला की वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. झाडाखाली कधीच थांबायचं नाही. आसरा नसेलच तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी बायका शेतात थांबतात. का? कारण काम उक्तं घेतलेलं असतं. रान सोडलं तर मजुरी बुडेल अशी भीती असते. म्हणून आम्ही एक गोष्ट सकाळी, कामाला हात लावायच्या आधी बोलून घेतो. आवाज ऐकू आला की काम थांबेल, आणि झालेल्या कामाची मजुरी मिळेल. सकाळी ऊन असताना शेतकऱ्याला हे पटतं. वीज डोक्यावर आल्यावर बोलायला कुणाला सुचत नाही. एकटीनं बोलायला जड जातं, गटानं बोललं की ऐकतात.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अंदाज येतो तो बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मोबाइलवर. मोबाइल असतो पारावर आणि वाळवण असतं आपल्या जिवावर. चांगला अंदाजही संध्याकाळी जेवताना कळला तर उपयोग काय? म्हणून आम्ही गटात पाळी लावली आहे. जिची पाळी, तिनं मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला वाचायचा, स्वतःला वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्यायचा, आणि फळ्यावर तीन ओळी लिहायच्या: पाऊस कधी, ऊन किती, वारा कसा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली पिवळ्या, नारंगी किंवा लाल खडूचा मोठा ठिपका. फळा पाणी भरायच्या वाटेवर लावला आहे, म्हणजे बघायला मुद्दाम जावं लागत नाही. खर्च फक्त खडूचा.

तुमच्या गटातही येत्या मंगळवारपासून पाळी लावा. पहिली पाळी कुणाची ते आजच ठरवा. आणि ई-पीक पाहणी झाली आहे का तेही घरात विचारा, कारण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर नुकसान झाल्यावर बोलायला कागद उरत नाही.

आभाळ आपल्या हातात नाही. ताडपत्री आहे, फळा आहे, आणि एकमेकींना हाक मारायला तोंड आहे. तुमच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळोत.